समुद्र पाहायला कशाला जायचं?

आमच्या वाशिमकडच्या मुसलमान घरांत प्रवासाला चार कारणं मान्य आहेत. लग्न, मयत, दवाखाना आणि दर्गा. (हज-उमरा हे पाचवं, पण त्याला कोणी प्रवास म्हणत नाही.) यातलं एकही कारण हाताशी नसताना नवरा-बायकोने बॅग भरली की "काऊन? काय झालं?" असं विचारायला निम्मा मोहल्ला दारात येतो. आम्ही जानेवारीत दोन दिवस कोकणात जातोय, फक्त बसायला, असं मी घरात जाहीर केल्यापासून हेच चाललंय. मोठ्या नणंदबाईंचा पहिला प्रश्न होता, "उधर कौनसी दर्गा है?" खालाजान म्हणाल्या, "या वयात?" आणि पुतण्या म्हणाला, निसर्गच पाहायचा तर आपलं कारंजा-सोहोळ काय वाईट आहे?

वाईट काहीच नाही. काळविटांचं अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आम्ही तिथे जातोही. पण काळवीट पाहिलं म्हणजे समुद्र पाहिल्यासारखा होतो, असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

ही पोस्ट माझे नातेवाईकही वाचतात, त्यामुळे जरा स्पष्टच लिहिते. रागावू नका.

आमच्या घरात समुद्र पहिल्यांदा पाहिला तो माझ्या आजोबांनी, मुंबईहून जहाजाने हजला जाताना. जहाजाने हजला जाणं १९९५ मध्ये बंद झालं आणि आमच्या घराचा समुद्राशी असलेला संबंधही तिथेच संपला. आजोबांकडे समुद्र पाहायला पक्कं कारण होतं. पण मला आठवतं, परत आल्यावर ते मक्का-मदिन्याइतकंच डेकवरच्या संध्याकाळींबद्दल बोलायचे, आणि आजी गप्प बसून ऐकायची. तिने आयुष्यात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पैनगंगेचा पूर.

धर्माची साक्ष तर कोणी काढूच नका. प्रवासी माणसाला चार रकातींच्या जागी दोनच पढायची सवलत आहे, रमजानचा रोजा पुढे ढकलायची मुभा आहे. म्हणजे माणूस फिरणार, थकणार हे शरीयतने आधीच धरून ठेवलंय. ते धरलं नाही फक्त आपल्या नात्यातल्या बायकांनी. पुरुष मात्र बियाण्याच्या कंपनीने दिलेल्या टूरवर गोव्याला जाऊन येतात, तेव्हा दर्ग्याची चौकशी कोणी करत नाही! (आमचे हे कृषी केंद्र चालवतात, तेही एकदा जाऊन आलेत. लाटेत पँट भिजली, इतकीच माहिती घरी आली.)

असो. घरच्यांशी भांडता तरी येतं. बाहेरच्यांचं काय करायचं?

डिसेंबरच्या सुरुवातीला मी किनाऱ्यावरच्या एका घरगुती निवासाला फोन केला. गावाचं नाव लिहीत नाही. बाई फार गोड बोलल्या. खोली आहे, झोपाळा आहे, मागे नारळाची वाडी आहे. मग नाव विचारलं. मी सांगितलं. "थांबा हं, ह्यांना विचारून सांगते." दहा मिनिटांनी फोन आला, खोली भरली. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी, मी नको म्हणत असताना, संध्याकाळी त्याच नंबरवर त्याच तारखेसाठी विचारलं. खोली रिकामी होती, झोपाळाही होता.

लोक म्हणतात, मनावर घेऊ नका, त्यांचं जेवणाचं वगैरे असेल. कसलं जेवणाचं? मासा जिबह करावा लागत नाही, तो जसा निघाला तसाच हलाल. म्हणजे मुसलमान पाहुण्याला जेवू घालणं जगात कुठे सर्वांत सोपं असेल तर ते मासे खाणाऱ्या किनाऱ्यावर. सुरमई तळा, भात टाका, झालं. आणि घर शाकाहारी असेल तर वरणभात आम्हालाही येतो हो खाता! वऱ्हाडात तुरीच्या डाळीवरच वाढलोय आम्ही. अडचण ताटाची नव्हतीच, नावाची होती, आणि ती तशीच म्हणावी. तिला 'सोय-गैरसोय' असं धुऊन वाळत घालू नये.

आता याच्यावर बाजाराने उत्तर काढलंय, त्याचा मला जास्त राग येतो. मुंबईत राहणाऱ्या भाच्याने प्रेमाने पाठवलेली जाहिरात: खास मुस्लिम जोडप्यांसाठी सुट्टी. चारी बाजूंनी भिंत असलेला खाजगी पोहण्याचा तलाव, हलालचा शिक्का, खोलीत किब्ल्याचा बाण. आणि समुद्र? तो भिंतीपलीकडे. इतके पैसे मोजून भिंतच पाहायची तर आमच्या अंगणात आहे की, ती परवाच रंगवली.

बुरख्यात पाण्यात कशी जाणार, असाही प्रश्न असतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही चौपाटीवर रविवारी जाऊन बघा. लुगड्यातल्या आज्या, सलवारीतल्या मुली, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले काका, सगळे पूर्ण कपड्यांत घोटाभर पाण्यात उभे असतात. त्या गर्दीत माझ्याकडे कोण बघणार? आणि किब्ल्याच्या बाणाचं तर हसूच येतं. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. कोकणचा समुद्रही पश्चिमेलाच! सुरूच्या झाडाखाली चटई टाकली की समोर लाटा आणि किब्ला एकाच बाजूला. मगरिबला सूर्यही तिकडेच बुडतो. ही सोय कुठल्याही कंपनीने केलेली नाही.

या किनाऱ्यावर मुसलमान काही आज पर्यटक म्हणून उगवलेले नाहीत. कोकणी मुसलमानांची गावंच्या गावं शेकडो वर्षं तिथे आहेत, भात लावतात, दर्यावर जातात. मुरूड-जंजिऱ्याचं सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत होतं. जंजिऱ्याच्या नवाबाचं जे शिकारीचं रान होतं, तेच १९८६ पासून फणसाड अभयारण्य आहे, आणि जिथे बंदुका चालायच्या तिथे आज शेकरू उड्या मारते.

पण मी जायला निघाले ती सलीम अलींच्या पायी. १९३० मध्ये ते जर्मनीतून शिकून परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. हातात काम नाही, वय तेहतीस-चौतीस. नवरा-बायको, सलीम आणि तहमीना, उठून अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे त्यांनी सुगरणीची घरटी पाहत दिवस काढले आणि एक मोठी गोष्ट शोधली. खोपा नर विणतो. अर्धा झाला की मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते. मग तो उरलेलं काम पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. (विणणार तो, आणि आपण नाव ठेवलं 'सुगरण'! आमच्या ह्यांना मी हे मुद्दाम वाचून दाखवलं. पहिल्या भागावर ते गप्प बसले, दुसऱ्यावर हसले.) भारतातल्या पक्षीअभ्यासातलं एक नावाजलेलं निरीक्षण अशा रिकामटेकड्या दिवसांत झालंय. त्यांनाही कोणीतरी विचारलंच असेल, नोकरी शोधायची सोडून किहीमला कशाला? तहमीना १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या. सलीम अली पुढे १९८७ पर्यंत जगले, पद्मविभूषण झाले, पण दोघांना मिळून मिळाली ती वर्षं एकवीसच. आमच्या लग्नाला तीस झाली.

वाशिम हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या आकांक्षांत बायकोने लाटा बघणं बसतं की नाही, मला माहीत नाही. मी बसवलंय.

बेत असा. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की हे दुकान बंद करतील, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकीन. एसटीने अकोला, तिथून रात्रीची मुंबई गाडी. समृद्धी महामार्ग आता पुरा झालाय आणि तो आपल्याच जिल्ह्यातून जातो, हे सगळे सांगून झालेत, पण साडेपाचशे किलोमीटर गाडी हाकून आल्यावर नवरा समुद्राकडे पाठ करून झोपतो. शनिवारी सकाळी गेटवेहून मांडव्याची बोट, मग रिक्षाने किहीम. खोली शेवटी एका दुसऱ्या घरात मिळाली, तिथल्या आजींनी नाव ऐकून फक्त इतकंच विचारलं, "चहा किती वाजता लागतो?"

पुढे कार्यक्रम नाही. जंजिरा नाही, काशीद नाही, फणसाड नाही. 'इतक्या लांब जाताय तर सगळे पॉइंट करून या' म्हणणाऱ्यांनी खुशाल स्वतः करावेत. जानेवारीत सुगरणी विणत नाहीत, पण माडाला गेल्या पावसाळ्यातले वाळके खोपे लटकलेले असतील, ते बघू. भरतीला उठू, ओहोटीला बसू. रविवारी रात्री परतीची गाडी, सोमवारी माझी सीएल.

दुकान दोन दिवस पुतण्या सांभाळेल, त्याला गोदामाची चावी दिलीय. आणि येताना सुके सोडे आणणार आहे. कोकणातले शाफई लोक झिंगा बिनधास्त खातात, आपल्या हनफी घरांत तो खावा की नाही यावर दोन मतं आहेत. तेव्हा ज्यांना हवे असतील त्यांनी आधी घरातला वाद मिटवावा आणि गुरुवारपर्यंत किती ते कळवावं.