साखळदंड आणि डुकरे



२६ जूनला आमच्या पॅरिशच्या हॉलमध्ये यंदाही अमली पदार्थविरोधी दिन पाळला. बॅनर लागला, पोलीस खात्यातले एक साहेब आले, फादरांनी प्रार्थना केली आणि मुलांनी हात पुढे करून शपथ घेतली. फोटो त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर फिरले. कार्यक्रम आम्हीच आखला होता, खुर्च्याही आम्हीच मांडल्या होत्या. तेव्हा पुढे जे लिहितो ते लांब उभे राहून बोट दाखवणे नाही.

शेवटच्या रांगेत आमच्यातलीच एक मावशी बसली होती. तिनेही सगळ्यांबरोबर हात पुढे केला. हॉल रिकामा झाल्यावर आम्ही खुर्च्या गोळा करत होतो, तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "शपथ घेतली की ओ मी. आता पोराला कुठं नेऊ ते सांगा."

आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. भाषणाचा कागद अजून खिशात होता. त्यात 'राष्ट्राची युवाशक्ती' दोनदा आली होती, पण दवाखान्याचा पत्ता एकदाही नव्हता.

तिचा मुलगा एकोणीस वर्षांचा. आधी गांजा, मग गोळ्या. मे महिन्यात खिशात गांज्याची पुडी सापडली म्हणून त्याला पकडले होते. आमच्यातले दोघे तेव्हा तिच्याबरोबर ठाण्यात गेले होते. तिथे तिला सांगण्यात आले, वकील करा. यापलीकडे कुणी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही, कारण काय विचारायचे तेच ठाऊक नव्हते. शपथेच्या कार्यक्रमानंतर, जुलै उजाडल्यावर, पॅरिशमधल्या एका वकिलांनी आम्हाला बसवून कायदा समजावला.

१९८५ चा एन.डी.पी.एस. कायदा नुसता पकडण्याचा कायदा नाही. त्यात ६४-अ नावाचे कलम आहे. व्यसनी माणसावर नशा केल्याचा किंवा अगदी थोडा माल बाळगल्याचा आरोप असेल, आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही, त्याची तयारी असेल तर, न्यायालय तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकते. म्हणजे आजाऱ्यासाठी दार आहे, कायद्यानेच ठेवलेले आहे. फक्त त्या दारावर पाटी नाही, आणि ज्यांनी दाखवायचे ते त्याच्यापुढे पाठ करून उभे आहेत.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आमच्या नजरेला टोचली. कलम २७ म्हणते की नशा करणाऱ्याला शिक्षा होईल: हेरॉइन, कोकेनसारख्यांसाठी एक वर्षापर्यंत, बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत. आणि कलम ७१ म्हणते की सरकार उपचाराची केंद्रे उघडू शकेल, योग्य वाटतील तितकी. शिक्षा 'होईल', उपचार 'करता येईल'. चाळीस वर्षे सरकारी कारभार या दोन क्रियापदांवर चालला आहे.

सरकार काहीच करत नाही असे आम्ही म्हणत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले, अफगाणिस्तानातून इराणमार्गे, टाल्कच्या नावाखाली आलेले. ते बाहेर पडले असते तर किती घरे बसली असती! ज्यांनी ते अडवले त्यांना आम्ही मिस्सेत प्रार्थनेत आठवतो. वीस किलोच्या वर गांजा किंवा पाव किलोच्या वर हेरॉइन सापडले तर किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. ती असावीच. माल आणणाऱ्यांसाठी आमच्याकडे एकही मऊ शब्द नाही.

पण आमच्या पॅरिशमधले काही वडीलधारे "सगळ्यांना एका दावणीला बांधा, म्हणजे सुधारतील" म्हणतात, तेव्हा गप्प बसवत नाही. ट्रक आणणारा आणि पुडी ओढणारा यांना एकाच मापाने मोजायचे, आणि वर आकडा दाखवायचा की इतके गुन्हे नोंदले! १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले, पुढे ते देशभर गेले. शपथा मोजल्या जातात, रॅल्या मोजल्या जातात, किलो मोजले जातात. बरे होऊन घरी आलेले किती, हे कोणत्या बॅनरवर वाचले आहे? सरकारनेच एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये आली. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीसजणांत एकालाच कधीतरी इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळाले होते. दारूच्या आहारी गेलेल्या अडतीसजणांत एकाला कुठलातरी उपचार. बाकीचे एकोणीस आणि बाकीचे सदतीस शपथ ऐकत बसले असतील, मावशीसारखे, शेवटच्या रांगेत.

गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस आठवा. थडग्यांत राहायचा, रात्रंदिवस ओरडायचा, दगडांनी अंग ठेचून घ्यायचा. गावाने काहीच केले नव्हते असे नाही. मार्क सांगतो, त्याला पुष्कळदा बेड्या घातल्या, साखळदंडांनी बांधले, आणि प्रत्येक वेळी त्याने ते तोडले. गावाचा उपाय तेवढाच होता. प्रभू येशू आला आणि त्याने त्याला नाव विचारले.

ही कथा आम्ही कॅटेकिझमच्या वर्गात मुलांना शिकवतो आणि पुढचा भाग घाईत उरकतो. तो माणूस कपडे घालून, भानावर येऊन शांत बसलेला पाहिला तेव्हा गावकरी आनंदले नाहीत, घाबरले. सुमारे दोन हजार डुकरे समुद्रात बुडाली होती. लोकांनी प्रभूला विनवले, आमच्या हद्दीतून निघून जा. एक माणूस परत मिळाला, पण फार महाग पडला.

आमची डुकरे कोणती? कर्नाटकात दारूचा घाऊक व्यापार सरकारच्याच महामंडळाच्या हातात आहे. एका हाताने बाटली पुरवायची, दुसऱ्या हाताने शपथ द्यायची. आणि आम्ही? गेल्या सणाच्या पत्रिकेवर शेवटच्या पानाची जाहिरात एका वाइन शॉपची होती. पैसे बरे आले, मंडपाचा अर्धा खर्च निघाला. देशात सगळ्यात जास्त घरे दारूनेच मोडतात हे ठाऊक असूनही आम्ही ती जाहिरात घेतली. मावशीचा नवरा दारूनेच गेला. पत्रिका तिच्या घरीही आम्हीच पोचवली.

तिचा मुलगा पूर्वी कॉयरमध्ये गायचा, आवाज चांगला. मे महिन्यानंतर काही पालक म्हणाले, आमच्या मुलांबरोबर तो नको. कॉयरच्या यादीतून त्याचे नाव गुपचूप गेले. तेव्हाही आम्ही खुर्च्याच मांडत होतो.

वकिलांनी सांगितल्यानंतर जुलैमध्ये त्याला धारवाडला डिमहान्समध्ये नेले. वकिलांनी ६४-अ खाली अर्ज दिला आहे. तो लगेच बरा होईल असे कुणी सांगितले नाही. पुन्हा घसरू शकतो हेही डॉक्टरांनी स्पष्ट बजावले.

पुढच्या २६ जूनला बॅनर आम्हीच लावणार असू, तर त्यावर शपथेहून मोठ्या अक्षरांत १४४४६ असेल, व्यसनमुक्तीचा सरकारी फोन, पैसे पडत नाहीत. माल विकणाऱ्याची खबर द्यायची असेल तर १९३३. आणि पाहुणे म्हणून येणाऱ्या साहेबांना आम्ही आधीच कळवू की भाषण नको, कलम ६४-अ चा कागद ठाण्याच्या भिंतीवर कन्नड आणि मराठीत लावा, त्याचा फोटो आणा. छपाईचे पैसे आम्ही देतो. सणाच्या पत्रिकेचे शेवटचे पान यंदा कोरे राहिले तरी चालेल, असे आम्ही कौन्सिलला लिहून दिले आहे. उत्तर आलेले नाही.

मुलगा आता घरी आला आहे. त्याला कॉयरमध्ये परत घ्यायचे की नाही, हा विषय येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर कौन्सिलपुढे आहे. तीन पालकांनी हरकत लिहून दिली आहे. मावशी येणार आहे. आम्ही तिच्या शेजारी बसणार आहोत, पहिल्या रांगेत.