विश्लेषण : २० रुपयांच्या बिस्किटपुड्याचं बिल २० रुपये १ पैसा कसं होतं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरसाठी हे काम सोपं वाटतं. १८ च्या जागी ५ लिहिले की झालं. पण २० रुपये छापील किमतीच्या पुड्याचा हिशोब एकदा कागदावर करून पाहा.

छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. तो वेगळा काढला तर मूळ किंमत येते १९.०४७६ रुपये, बिलावर १९.०५. उरलेला कर ९५.२४ पैसे. तो केंद्र आणि राज्यात निम्मा-निम्मा वाटला जातो, म्हणजे प्रत्येकी ४७.६२ पैसे, बिलावर ४८. आता बेरीज करा : १९.०५ अधिक ०.४८ अधिक ०.४८. उत्तर २०.०१ रुपये.

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. तरी बिल छापील किमतीपेक्षा एका पैशाने जास्त झालं, आणि छापील किमतीपेक्षा जास्त आकारायला कायद्याची परवानगी नाही. जाणता प्रोग्रामर इथे उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी एकूण २० रुपये पक्के धरायचे, दोन्ही कर काढायचे आणि उरेल ती मूळ किंमत, म्हणजे १९.०४. शिल्लक राहणारा पैसा कुठे टाकायचा, हे आधीच ठरवलेलं असतं.

संगणकाला १० पैसे का कळत नाहीत?

ही झाली राऊंड ऑफची अडचण. दुसरी त्याहून खोलवर आहे. बहुतेक संगणकभाषांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज केली, तर उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ येतं.

एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३... संपतच नाही. संगणक दोनच अंकांत, म्हणजे शून्य आणि एकमध्ये मोजतो, आणि त्या पद्धतीत एक दशांशाचंही तसंच होतं. मग तो जवळचा आकडा धरून पुढे जातो. १९.९९ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणलं तर येतं १९९८.९९९९९९९९९९९९८. पुढच्या ओळीत कोडने दशांश भाग छाटला, की १९९९ पैशांचे १९९८ झाले.

गंमत अशी की आपला जुना आण्यांचा हिशोब संगणकाला अचूक जमला असता. रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे. अर्धा, पाव, एक सोळांश, एक चौसष्टांश हे अपूर्णांक दोनच्या पद्धतीत अगदी नेमके बसतात. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. माणसांची सोय झाली, यंत्रांची गेली!

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. रक्कम रुपयांत साठवायचीच नाही, पैशांत पूर्णांक म्हणून साठवायची. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला २९९ रुपये मागायचे असतील तर कोडमध्ये २९९०० लिहावं लागतं, ते याचसाठी.

इतक्या बारीक चुकीने काय बिघडतं?

कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० अंकांवर नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो पुन्हा मोजला जाई, दिवसाला सुमारे ३००० वेळा. उत्तर दशांशानंतर तीन अंकांपर्यंतच ठेवायचं होतं. सॉफ्टवेअर ते जवळच्या आकड्याला नेण्याऐवजी पुढचे अंक सरळ छाटत होतं. दर वेळी सरासरी अर्धा सहस्रांश गळत होता, म्हणजे दिवसाला दीड अंकाच्या आसपास.

बाजार चांगला चालला होता आणि निर्देशांक मात्र उतरत होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ वर आला. चूक सापडल्यावर नव्याने हिशोब झाला, तेव्हा खरा आकडा निघाला १०९८.८९२. जवळपास २२ महिने गुंतवणूकदार निम्म्या उंचीचा बाजार पाहत होते.

आता हेच बचत खात्याला लावून पाहा. १ एप्रिल २०१० पासून भारतात बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिलकीवर काढलं जातं. १०,००० रुपयांवर २.५ टक्के दराने दिवसाचं व्याज ६८.४९ पैसे होतं. एखाद्या सॉफ्टवेअरने रोज वरचा अर्धा पैसा छाटला, तर वर्षाला २५० ऐवजी २४८.२० रुपये जमा होतील. खातेदाराला १ रुपया ८० पैशांचा फरक जाणवणारही नाही. पण अशी एक कोटी खाती असली तर ती रक्कम १ कोटी ८० लाख रुपये होते, आणि ती नेहमी एकाच बाजूला जाते. ठेवींवरचं व्याज देताना रक्कम नजीकच्या रुपयात करावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो न्याय्य ठरण्यासाठी रोजचा आकडा मात्र छाटलेला नको. राऊंड ऑफ एकदाच, शेवटी व्हायला हवं.

अगदी अर्ध्यावरच्या आकड्याचं काय करायचं, यावरही एकमत नाही. २.५ ला पायथनचा नेहमीचा राऊंड २ करतो, जावास्क्रिप्टचा ३. एकाच कंपनीचं ॲप एका भाषेत आणि हिशोबाची यंत्रणा दुसऱ्या भाषेत असेल, तर महिनाअखेरीला ताळा का जुळत नाही याचा शोध सुरू होतो.

देश बदलला की काय होतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झालं. अशा वेळी फक्त '५०००' एवढाच आकडा साठवून भागत नाही, सोबत चलनही हवं. शिवाय प्रत्येक चलनाचे शंभर भाग होतातच असं नाही. जपानी येनला आज व्यवहारात सुटे भाग नाहीत. कुवेती दिनारचे १००० फिल्स होतात. कुवेतमध्ये नोकरी करणारा मराठी माणूस १२.३४५ दिनार घरी पाठवत असेल आणि ॲप दोनच दशांश स्थळं ओळखत असेल, तर शेवटचे ५ फिल्स रुपयांत बदलण्याआधीच गायब. येनबाबत चूक याहून ठळक दिसते. सवयीने १०० ने गुणणाऱ्या कोडमुळे ५,००० येनची मागणी थेट ५ लाख येनची होते.

परतावा हा वेगळाच प्रश्न. परदेशात कार्डाने घेतलेली वस्तू परत केली तर रुपयांतली रक्कम सहसा परताव्याच्या दिवसाच्या दराने ठरते. त्यामुळे मूळ रक्कम, चलन, लावलेला दर आणि वेळ या चारही गोष्टी नोंदीत असाव्या लागतात. त्या असल्या, तर 'तेवढेच दिले होते, कमी का आले?' असं विचारणाऱ्या ग्राहकाला फरक नेमका कुठून आला हे दाखवता येतं.