पाच तारखेचा गुन्हा, सात तारखेची माफी



गेल्या महिन्यात लखनौच्या आलमबाग भागात चहाच्या टपरीवर एका साथीने खिशातून चुरगळलेले पत्र काढले. इथल्या एका कारखान्यात तो सफाईच्या ठेक्यावर आहे. पत्र इंग्रजीत, वकिलाच्या नावाचे. फौजदारी कारवाई, अटक, घरावर जप्ती, सगळी दमदाटी त्यात होती. नव्हता तो खटल्याचा क्रमांक आणि न्यायालयाचा शिक्का. पण ते घरी आल्यापासून बायकोला झोप नव्हती.

भानगड अशी. तिच्या आजारपणात त्याने एका खाजगी कंपनीचे कर्ज घेतले. हप्ता दरमहा 5 तारखेला खात्यातून परस्पर कापण्याची मंजुरी तेव्हाच सही करून घेतली गेली. ठेकेदार पगार देतो कधी 14 ला, कधी 19 ला. 5 तारखेला खाते रिकामे, हप्ता परत! बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा. कंपनी त्याच महिन्यात पुन्हा खेचून पाहणार, पुन्हा दंड. शेवटी कंटाळून त्याने बँकेत अर्ज देऊन मंजुरी रद्द केली आणि पगार झाला की हप्ता स्वतः भरू लागला. पत्रे सुरू झाली ती तेव्हापासून.

आता न्याय पाहा. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने पगाराला सात तारखेची, मोठ्या आस्थापनेत दहाची मुदत घातली होती. नव्या वेतन संहितेतही मासिक पगार सात दिवसांच्या आतच द्यायचा आहे. ठेकेदार दर महिन्याला ती मोडतो. त्याला कोणी अटकेचे पत्र धाडले? त्याच्या उशिरामुळे कामगाराची 5 तारीख चुकली, तर मात्र 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचे कलम 25 दाखवले जाते: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हप्त्याच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकाची थकबाकी म्हणजे ‘अडचण’ आणि कामगाराची म्हणजे गुन्हा!

आणखी एक मेख आहे. न्यायालयालासुद्धा साध्या कर्जापोटी कामगाराचा अख्खा पगार जप्त करता येत नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित ठेवले आहेत. पण पगार खात्यात पडला आणि मंजुरी आधीच सही झालेली असली, की एकाच दिवशी दोन-तीन कंपन्या मिळून तो साफ करू शकतात. जे न्यायाधीशाला करता येत नाही ते कंपनीचा संगणक करतो. खाउजाच्या काळात आम्हाला ‘ग्राहक’ म्हणून मान दिला गेला, त्याचा हा अर्थ.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. मंजुरी रद्द केली म्हणून कर्ज फिटत नाही, व्याजही थांबत नाही. पण कर्ज फेडता न येणे आणि फसवणूक यांत फरक आहे. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात 1980 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की ऐपत नसलेल्या प्रामाणिक ऋणकोला केवळ देणे थकले म्हणून दिवाणी तुरुंगात टाकणे घटनेच्या कलम 21 शी विसंगत आहे. ही गोष्ट त्या छापील पत्रात कुठून असणार?

तेव्हा पत्र फाडू नका, पाकिटासकट ठेवा. कलम 25 ची नोटीस असेल तर मिळाल्यापासून 15 दिवसांची मुदत धावते. गप्प बसलात तर कंपनीचेच फावते. भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जोडून लेखी उत्तर द्या, पोच घ्या. लोकअदालतीच्या नोटिशीला घाबरू नका, तिथे दोन्ही पक्षांच्या संमतीवाचून निवाडा होत नाही. सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली बजावले आहे. वेळ लिहून ठेवा. आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मागता येतो. उत्तर प्रदेशच्या प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय याच लखनौत आहे. त्या साथीला ते ठाऊक नव्हते आणि, लाज वाटते सांगायला, आमच्या शाखेतल्या निम्म्या लोकांनाही नव्हते.

परळ, माटुंगा, भुसावळ इथल्या ठेका कामगारांच्या घरीही अशी पाकिटे येतच असतील. ज्या महिन्यात पगार उशिरा झाला, त्या महिन्याचा हप्तादंड ठेकेदाराकडून वसूल करावा, ही मागणी शाखांनी मागणीपत्रात घालावी. आमच्या साथीच्या दंडाचा हिशेब बँकेच्या पासबुकावरून काढून झाला आहे; तो ठेकेदाराकडे सोमवारी नेणार आहोत.