शर्यत त्यांची, मरण गावकऱ्यांचे

वाळवंट म्हणजे निर्मनुष्य प्रदेश, ही समजूत नकाशावर रेघ ओढून शर्यत आखणाऱ्यांची असेल. तेथे राहणाऱ्यांची नव्हे. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघालेली पहिली डाकार शर्यत ज्या वाटांनी सेनेगलच्या राजधानीकडे गेली, त्या वाटांवर गावे होती, विहिरी होती, गुरे राखणारी मुले होती. पुढील तीन दशके युरोपीय साहसाची किंमत या माणसांनी मोजली.

१९८८ साली मालीत दहा वर्षांची मुलगी स्पर्धकाच्या वाहनाखाली चिरडली गेली; त्याच शर्यतीत मॉरिटानियात चित्रीकरण पथकाच्या मोटारीने मायलेकींचा बळी घेतला. २००५ मध्ये सेनेगलात पाच वर्षांची बालिका मदत-पथकाच्या ट्रकखाली सापडली. जानेवारी २००६ मध्ये लागोपाठच्या दोन दिवसांत गिनीतील दहा वर्षांचा व सेनेगलमधील बारा वर्षांचा मुलगा असाच मेला. अशा मृतांना सरसकट 'प्रेक्षक' म्हणण्याची रीत आहे. स्वतःच्या गावचा रस्ता ओलांडणारे मूल प्रेक्षक कसे?

स्पर्धकही मरतात, असे समर्थन केले जाते. शर्यतीचा जनक थिएरी साबीन स्वतः १९८६ मध्ये मालीत हेलिकॉप्टर कोसळून मरण पावला, हे खरे. परंतु स्पर्धक धोका जाणून येतो. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, पाठीशी डॉक्टर आणि हेलिकॉप्टर असते. गावातल्या पोराला यातले काय लाभते? त्याला विचारले कोणी होते? गावांतून जाताना वेगमर्यादा असते, असेही सांगितले जाते. मात्र ज्या खेळात क्षणाक्षणाचा हिशेब होतो व कमी वेळ घेणारा जिंकतो, तेथे कागदावरची मर्यादा पुरेशी आहे, असे मानणे ही आत्मवंचना आहे.

या व्यवस्थेत कोणाच्या जिवाचे मोल किती, याचा निर्वाळा आयोजकांच्याच कृतीने दिला. २००६ मध्ये दोन मुले मेली, तरी २००७ ची शर्यत मॉरिटानिया, माली व सेनेगल तुडवीत पार पडली. डिसेंबर २००७ मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच प्रवाशांची हत्या झाली, शर्यतीला धमक्या आल्या, आणि २००८ ची संपूर्ण शर्यत निघण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाली. तो निर्णय योग्यच होता. पण शर्यत थांबवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. आफ्रिकी मुलांसाठी ती थांबवण्याची गरज वाटली नाही, एवढेच.

पुढे शर्यत दक्षिण अमेरिकेत गेली, २०२० पासून सौदी अरेबियात आहे. २०१० मध्ये अर्जेंटिनात पहिल्याच टप्प्यात एक स्त्री ठार झाली; २०२३ मध्ये सौदीत वाळूच्या टेकाडामागे उभा असलेला इटालियन प्रेक्षक ट्रकखाली गेला. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही चित्र वेगळे नाही. १४ ऑगस्ट २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील रात्रीच्या शर्यतीत एक वाहन उसळून गर्दीत कोसळले आणि आठ जण ठार झाले. जमीन सरकारी होती, परवाना सरकारी होता. गर्दी आणि धावपट्टी यांच्यामध्ये कठडा मात्र नव्हता. परवान्याबाबतचे स्वतःचेच नियम आपण पाळले नाहीत, असे त्या खात्याच्या चौकशीत निघाले. नफा खाजगी, जमीन सार्वजनिक, आणि जबाबदारी कोणाचीच नाही: हा भांडवली मनोरंजनाचा जुनाच हिशेब आहे.

खेळाला विरोध करण्याचे कारण नाही. मागणी साधी आहे. ग्रामस्थांच्या संमतीविना शर्यतीचा मार्ग वस्तीतून जाऊ नये. जेथे कठडे व पहारा नाही, तेथे वेगवान टप्पा नसावा. प्रत्येक मृत्यूची चौकशी आयोजकांपासून स्वतंत्र यंत्रणेने करावी. आणि मृतांच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई दयेची देणगी नव्हे, तर कायद्याचा हक्क असावा. परवान्यावर सही करणाऱ्या सरकारांना याचा जाब विचारणे, हे लोकशाही समाजवादी चळवळीचे काम आहे.