माप डब्याचे, घाम कोणाचा?

'वाटीभर फोडी म्हणजे नक्की किती?' हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात विचारावा, याचे काहींना हसू येईल. परंतु बोर्ली पंचतनसारख्या गावात ज्या घरांचा मोसमातला किराणा कैरीच्या फोडींवर भरतो, त्यांतल्याच एका घरातून मी कॉलेजात आले आहे. आमच्या घरी हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

आपल्या भाषेने हा भेद पूर्वीच ओळखला होता. मापी शेर वेगळा, वजनी शेर वेगळा. दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब धान्याचा. दाणा लहान आणि एकसारखा, म्हणून तिथे माप चालून जाते. फोडीचे तसे नाही. मोठ्या फोडी भांड्यात वेड्यावाकड्या बसतात व मध्ये पोकळी राहते. बारीक फोडी दाटीने बसतात. कीस दाबला तर आणखी मावतो. भांडे एकच, वजने मात्र तीन!

घरच्या स्वयंपाकात याने फारसे बिघडत नाही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी नेले, ते सोयीचेच झाले. तरीही 240 मिलिलिटरच्या मापात आंब्याच्या फोडी सुमारे 165 ग्रॅम बसतात आणि साखर सुमारे 200 ग्रॅम. म्हणजे 'वाटीस वाटी' घातलेली साखर वजनाने फोडींपेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त असते. आईचा हात हा फरक न मोजता जाणतो.

पण हीच वाटी जेव्हा मजुरीचा डबा होते, तेव्हा प्रश्न चवीचा राहत नाही, न्यायाचा होतो. माझी आई एका व्यापाऱ्याला कैऱ्या फोडून देते. मजुरी डब्यावर. फोड बारीक हवी असा हुकूम आला की अडकित्ता दुप्पट चालतो, डब्यात माल जास्त मावतो, आणि दर मात्र तोच! शिवाय मीठ लावल्यावर फोडी पाणी सोडून आक्रसतात. सकाळी शिगोशीग भरलेला डबा संध्याकाळी उणा दिसतो, आणि उणा डबा म्हणून पैसे कापले जातात. वास्तविक सुटलेले पाणी धरून वजन केले, तर ते कमी झालेले नसते.

'डबा सर्वांना सारखाच आहे,' असे यावर उत्तर मिळते. डबा सारखा आहे हे खरे. त्यात काय आणि किती बसले, हे सारखे नाही. तोच माल लोणचे होऊन बरणीत भरला की बरणीवर निव्वळ वजन छापावे लागते, असा कायदा आहे. विकताना वजन आणि मजुरी देताना डबा, ही कोणती रीत?

माझे म्हणणे एवढेच : फोडींना मीठ लावण्यापूर्वी त्या तोलाव्यात, आणि बारीक फोडीचा किलोमागे दर वेगळा असावा, कारण त्यात श्रम अधिक आहेत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो तसा एक दिवस तराजू घेऊन बसू. प्रत्येकीच्या डब्यात मोठी फोड किती, बारीक किती, ते तोलून वहीत लिहून देऊ. शिकलेल्या मुलांनी एवढे केले, तरी दर ठरवताना या बायकांच्या हाती आकडा असेल. त्यांना कोणाची दया नको आहे, तराजू हवा आहे.