पोटजात विचारता, मग रिपोर्ट का नाही?

वधू-वर परिचय मेळाव्यात बायोडाटा हातात पडला की आपल्यातली काही घरे अजूनही हळूच पोटजात विचारतात. 1956 साली नागपूरला जे सोडले, ते सोयरिकीच्या बोलणीत परत येते. 'आपलं रक्त बघून करा' असे वडीलधारे सांगतात. मग रक्तच बघू या.

स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होताना आजी-आजोबांकडून आलेली गुणसूत्रे शेजारी येतात आणि एकमेकांचे तुकडे बदलून घेतात. म्हणून सख्खी भावंडेही सारखी निघत नाहीत. ही अदलाबदल हजारो पिढ्या चालली आहे. पोटजातीचे जनुक म्हणून काही नसते. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले होते.

रक्तात विचारण्यासारखे आहे ते सिकलसेल. 11 व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते. मग लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य ठणकतात, रक्त कमी होते. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांनी आणि आदिवासी पाड्यांनी हे खूप सोसले आहे. नगरकडे मात्र तो 'तिकडचा आजार' समजतात. सोयरिकी तिकडे होतात, हे विसरतात! आणि हा कुणा एका जातीचा आजार नाही; आफ्रिकेत, अरब देशांतही तो आहे. हिवतापाच्या मुलखात वाहक मुले जास्त जगली, म्हणून हे जनुक टिकले. आपसातच लग्ने लावत गेल्याने ते त्याच घरांत फिरत राहिले.

आपल्याकडे या जनुकाच्या शेजारी बहुधा असा तुकडा असतो, ज्यामुळे तान्हेपणीचे हिमोग्लोबिन मोठेपणीही थोडे बनत राहते. इतके जवळचे तुकडे सहसा तुटत नाहीत, जोडीनेच उतरतात. त्यामुळे काहींचा त्रास सौम्य राहतो. सगळ्यांचा नाही. विदर्भात गंभीर रुग्णही आहेत.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, तो बहुतेक धडधाकट असतो. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात 4 पैकी 1 शक्यता मूल आजारी असण्याची. 'एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली' हा हिशेब चुकीचा आहे. शक्यता दर वेळी तीच राहते. मामाच्या मुलीशी लग्न केल्यास दोघेही वाहक असण्याचा धोका वाढतो. आणि सुनेला बोल लावणाऱ्यांनी ऐकावे: सिकलसेलचा आजार दोन्हीकडून आल्याशिवाय होत नाही. निम्मा वाटा तुमच्या लेकाचा असतो.

माझे मत सरळ आहे. बायोडाट्यातून पोटजातीचा रकाना काढा आणि तिथे सिकलसेलचा रिपोर्ट लावा, मुलाचाही. मेळाव्याच्या आयोजकांनी हे सक्तीचे करावे. रिपोर्ट लग्न मोडायला नाही. दोघे वाहक निघाले तरी गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते, पण त्यासाठी आधी माहीत हवे.

2023 पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात तपासणीचे विचारा. पहिल्या चाचणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. वाहक की रुग्ण, हे त्यातच कळते.