आधी माणसे, मग घर : कर्जतच्या निमित्ताने उलटलेल्या सहकाराचा इतिहास

१/
दहा-वीस कुटुंबांनी एकत्र येऊन जमीन घ्यायची, आराखडा आपणच ठरवायचा, घरे आपल्यासाठीच बांधायची आणि वस्तीचा कारभारही आपणच पाहायचा, ही कल्पना युरोपातून आली, असे हल्ली परिसंवादांत सांगितले जाते. त्यावर कोणीतरी छाती पुढे काढून म्हणते, 'आमच्या खेड्यांत हे पूर्वापार होतेच.' दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. या वादात खरी गोष्ट मात्र झाकली जाते. महाराष्ट्रात ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी रुजली होती, कायद्याने तिला मान्यता दिली होती आणि नंतर तिचा क्रमच उलटवला गेला. हा धागा त्या उलटापालटीविषयी.

२/
निमित्त कर्जतचे. रुळांवरचे, रायगडातले कर्जत नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, भीमेच्या खोऱ्यातले, अवर्षणाशी जन्माचे नाते असलेले कर्जत. याच तालुक्यात सिद्धटेक आहे, राशीन आहे, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. ग्रामपंचायतीची आता नगरपंचायत झाली आहे. म्हणजे गाव शहर होण्याच्या उंबरठ्यावर उभे आहे. गल्ल्या कोठून जातील आणि मोकळी जागा कोणासाठी राहील, हे अशाच काळात ठरते. एकदा ठरले की पुढच्या दोन-तीन पिढ्यांना ते मुकाट्याने भोगावे लागते.

३/
प्रथम युरोपचा दावा पाहू. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन नावाची वस्ती १९७२ मध्ये पुरी झाली. २७ कुटुंबे, प्रत्येकाचे स्वतंत्र घर आणि सर्वांचे मिळून एक सामायिक घर. आधुनिक सहनिवासाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण मुंबईच्या गावदेवीत सभासदांची गृहनिर्माण संस्था नोंदली गेली ती १९१५ मध्ये, म्हणजे सेटेडामेनच्या ५७ वर्षे आधी. तिच्याकडे आपण येणारच आहोत.

४/
आता 'पूर्वापार होतेच' हा दावा. नगर-सोलापूरच्या पट्ट्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, त्यांवर कड्या आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचे माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत : तीन खणांचे, पाच खणांचे. संसार वाढला की खण वाढवायचा. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती चढवायची. हे स्थापत्य कोणा नामांकित रचनाकाराचे नव्हते. राहणारा माणूस, गावचा सुतार आणि हाताशी असलेली माती यांनी मिळून ते घडवले होते.

५/
या घराला भोवतीच्या व्यवस्थेचा आधार होता. सुतार-लोहाराला कामाचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने मिळे. शेतात इर्जिक होती, सावड होती. आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. एकट्याला न पेलणारे काम वाटून घेण्याची ही रीत खरी होती. ती आज आठवली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

६/
परंतु इथेच थांबणारा इतिहास अर्धवट असतो, आणि अर्धवट इतिहास खोटाच असतो. ही सावड वेशीपाशी संपत असे. महारवाडा आणि मांगवाडा पांढरीच्या कडेला किंवा बाहेर. ज्या वडाराने भिंतीचा दगड फोडला त्याचे पाल माळावर. घर कोणत्या जागी बांधायचे, किती उंच बांधायचे, पाणी कोठून भरायचे, हे अनेकांसाठी जातीने ठरवून टाकलेले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगाथेवर प्रखर हल्ला चढवला, तो यासाठीच. गावकीचे सहकार्य म्हणजे समान माणसांनी स्वेच्छेने केलेला सहकार नव्हे. दोन्हींना एकच नाव देणे हा इतिहासाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

७/
मग शहरांचे काय? पेशवेकालीन पुण्याच्या पेठा 'राजाने बांधल्या' असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात सत्ता बहुधा कौल देई. शेटे-महाजन नेमायचे, वसाहतीला येणाऱ्यांना काही वर्षांची करसवलत द्यायची, आणि व्यापारी, कारागीर, कुटुंबे येऊन आपापली घरे-दुकाने बांधत. सरकारने अभय आणि सवलत द्यायची, लोकांनी वस्ती उभारायची, अशी ही कामाची वाटणी होती. तिच्यातही वतने होती, जातवार आळ्या होत्या. तरीही शहर म्हणजे एका विक्रेत्याने बांधून विकायचा माल, ही समजूत त्या काळाला परकी होती.

८/
आधुनिक सहकारी वस्तीचा जन्म मात्र मुंबईत आणि संकटातून झाला. १८९६ मध्ये प्लेग आला. कोंदट चाळींतून माणसे पटापट मरू लागली. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापून दाट वस्त्या पाडायला आणि नवे रस्ते आखायला सुरुवात केली. पाडलेल्या घरांतल्या माणसांनी जायचे कोठे, आणि तुटपुंज्या पगाराच्या कारकुनाला परवडेल असे हवेशीर घर कोण बांधणार, याचे उत्तर बाजाराकडे नव्हते.

९/
कायद्याची वाटही आधी अरुंद होती. १९०४ चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने अन्य प्रकारच्या सहकारी संस्थांना दार उघडले. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्माकी या गृहस्थांनी १९०६ मध्येच शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था उभी केली होती. त्यांच्याच पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली.

१०/
तिची रचना नीट समजून घ्या, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. जमीन संस्थेची, इमारती संस्थेच्या. सभासद भाग घेणार आणि संस्थेचेच भाडेकरू म्हणून राहणार. मालक आणि भाडेकरू ही दोन टोके एकाच माणसात आणून ठेवलेली. इंग्लंडमध्ये १९०१ साली ईलिंग येथे याच तत्त्वावर संस्था निघाली होती. घर हे खरेदी-विक्रीचे साधन नसून राहण्याची हमी आहे, असे ही रचना सांगत होती. आणि क्रम असा होता : आधी माणसे, मग संस्था, मग जमीन, शेवटी घर.

११/
दोष लपवायचा नाही. ही संस्था एका ज्ञातीची होती, नावातच ते आहे. परस्परविश्वासाचे भांडवल लागते आणि तेव्हा ते जातीत सहज मिळे, हे स्पष्टीकरण समजण्यासारखे आहे; समर्थन म्हणून ते अपुरे आहे. ही गाठ पुढेही सुटली नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. निकाल कायद्याच्या चौकटीत असेल. सहकाराच्या तत्त्वाला तो शोभणारा नाही. वेस फक्त गावातून उठून उपविधीत जाऊन बसली.

१२/
आता उलटापालट. १९६० मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. पाठोपाठ १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम, ज्याला सारे 'मोफा' म्हणतात. हेतू चांगला होता : विकासकांच्या मनमानीला लगाम. पण त्याने रूढ केलेला क्रम पाहा. विकासक जमीन घेणार, आराखडा ठरवणार, बांधणार, विकणार. पुरेसे ग्राहक जमले की मग त्याने त्यांची संस्था नोंदवून द्यायची. आधी घर, मग ग्राहक, शेवटी संस्था. गावदेवीचा क्रम डोक्यावर उभा केला गेला.

१३/
परिणाम? जी संस्था वस्तीची आई होती ती देखभाल-शुल्क गोळा करणारी कारकून झाली. एकमेकांना न ओळखणारी माणसे एका जिन्यावर आली आणि त्यांना 'सहकारी' म्हटले गेले. कित्येक ठिकाणी विकासकाने जमिनीचे हस्तांतरण केलेच नाही. लोक घरात राहतात आणि पायाखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याची. ही तक्रार इतकी सार्वत्रिक झाली की २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली. जो दोष क्रमातून जन्मला, त्यावर पंचेचाळीस वर्षांनी मलमपट्टी.

१४/
यावर ठरलेला आक्षेप येतो : 'सामान्य माणसाला हे जमणार नाही. पैसा, परवानग्या, तांत्रिक ज्ञान, हे विकासकाचेच काम.' उत्तर शोधायला फार लांब जायला नको. कर्जतच्या दक्षिणेला सीमा ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. सोलापूर शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. नाव कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे देण्यात आली.

१५/
या स्त्रिया पानात तंबाखू वळून पोट भरणाऱ्या. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे लढून शासनाचे अनुदान मिळवले आणि स्वतःचा वाटाही घातला. त्याच परिसरात पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले. संघटित माणसे आधी आणि घर नंतर, हा क्रम बदलला नाही. विडी वळणाऱ्या बाईला जे जमले ते शिकल्यासवरल्या नोकरदाराला जमणार नाही, असे म्हणणाऱ्याने आधी कुंभारीला जाऊन यावे.

१६/
मुंबईतही वारे थोडे फिरले आहे. जुन्या इमारतींच्या संस्था विकासकाला बाजूला ठेवून स्वतःच पुनर्बांधणी करू लागल्या आहेत आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने स्वयंपुनर्विकासासाठी सवलतींचा निर्णय काढला. पण हा हक्क ज्यांचे घर आधीपासून आहे त्यांच्यापुरता. नव्याने वसणाऱ्या शहराचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

१७/
आणि इथे अहिल्यानगर जिल्ह्याला एक अवघड प्रश्न विचारलाच पाहिजे. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास लोणीत कारखान्याचा बॉयलर पेटला. आधी सभासद, मग धुराडे. ज्या जिल्ह्याने सहकाराने साखर काढून दाखवली, दूध उभे केले, बँका चालवल्या, त्या जिल्ह्याला सहकाराने एक गल्ली आखावीशी का वाटली नाही? ऊस सामायिक आणि शहर मात्र ज्याचे त्याने पाहावे, हे कोणत्या हिशेबात बसते?

१८/
वाढत्या तालुक्याच्या गावांचा नेहमीचा मार्ग माहीत आहे. शेताचे तुकडे पडतात, चुन्याच्या फक्कीने प्लॉट आखले जातात, विक्री होते. मग रहिवासी रस्ता, गटार आणि नळासाठी नगरपंचायतीच्या दारात उभे राहतात. मोकळी जागा नकाशावर असते आणि जमिनीवर नसते. कर्जतने या वाटेने जाणे अटळ नाही. नगरपंचायतीने सार्वजनिक वा गावठाणालगतच्या जागांपैकी काही हिस्सा सभासद-संस्थांना दीर्घ भाडेपट्ट्याने द्यावा. हा आधुनिक कौलच होय. मात्र एका अटीवर : सभासदत्व जात, धर्म, आहार यांवरून नाकारता येणार नाही, आणि शेतमजूर, सफाई कामगार, एकट्या स्त्रिया यांच्यासाठी जागा राखीव राहील.

१९/
'भांडणे होतील.' होतीलच. एकत्र राहणाऱ्या माणसांची भांडणे होतात. फरक इतकाच की ती घर बांधण्यापूर्वी, नकाशासमोर बसून झाली तर भिंत हलवता येते. नंतर झाली तर फक्त न्यायालयात जाता येते. कामिका एकादशीला गोदड महाराजांचा रथ ओढताना कर्जतकरांना दोराला हात लावायला कोणी शिकवावे लागत नाही. वस्तीच्या दोराला हात लावायची वेळ आली की मात्र आपण प्लॉटची दरपत्रके चाळत बसतो.

२०/
शेवटी, इतिहासप्रेमी मित्रांनो, एक काम. किल्ल्याच्या तटाचा दगड आणि ताम्रपटाची तिथी आपण हौसेने तपासतो. आता आपापल्या गावातल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या दोन तारखा शोधा : संस्थेची नोंदणी केव्हा झाली आणि इमारत केव्हा पुरी झाली. नोंदणी आधीची निघाली तर तिथल्या वृद्ध सभासदांना भेटा, त्यांची इतिवृत्ते वाचा, जमीन कशी मिळाली ते लिहून ठेवा. इमारत आधीची निघाली तर जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते विचारा. तुमच्या शहराचा खरा इतिहास या दोन तारखांच्या क्रमात आहे. कर्जतच्या बऱ्याच तारखा अजून पडायच्या आहेत. त्या कोणत्या क्रमाने पडाव्यात, हे आज तिथे राहणारी पिढी ठरवू शकते.